पांढऱ्या पेशींचा काउंट आणि फाटलेला ओठ : जनुकीय संबंध

सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये जो डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा) काउंट येतो (मोठ्या माणसात एका मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,०००) तो आणि जन्मतः फाटलेला ओठ, या दोन्हींमागे काही जीन कॉमन असू शकतात का, हा जेनेटिक्समधला तसा नवा विषय आहे. ओठ किंवा टाळू फाटलेलं बाळ साधारण ७०० जन्मांत एक असतं. आपल्याकडे अजूनही ग्रहणात आईने काहीतरी चिरलं म्हणून असं झालं म्हणतात, पण ग्रहणाचा काही संबंध नाही, ओठाचे भाग गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतात, तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं.

सगळ्यात ठळक दुवा म्हणजे २२ नंबरच्या क्रोमोसोमचा एक छोटा तुकडा गायब असणं, म्हणजे डायजॉर्ज सिंड्रोम. त्यात थायमस ग्रंथी नीट वाढत नाही म्हणून टी-लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी पडतात, आणि त्याच मुलांमध्ये टाळूचेही दोष असतात (नुसता ओठ फाटलेला त्या मानाने कमी दिसतो). कारण थायमस आणि टाळू दोन्ही गर्भाच्या घशाजवळच्या भागातून घडतात आणि टीबीएक्स१ हा जीन तिथे कामाला असतो. दुसरा दुवा म्हणजे आयआरएफ६ हा जीन. याची भावंडं (त्याच कुटुंबातले जीन) इम्युनिटीची कामं करतात पण हा मात्र त्वचेच्या पेशींचं बघतो, आणि तो बिघडला की वॅन डर वूड सिंड्रोम होतो हे २००२ मध्ये कळलं. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे ही त्याची खूण, आईबाबांपैकी एकाला नुसते खळगे आणि बाळाचा ओठ फाटलेला असंही होतं.

हे झाले एकेका जीनचे प्रकार. बाकीच्या केसेससाठी मेंडेलियन रँडमायझेशन नावाची पद्धत वापरतात. काउंट थोडा वर-खाली करणारे डीएनएमधले शेकडो बारीक फरक माहीत आहेत, ते गर्भ राहतानाच पत्ते पिसून वाटल्यासारखे वाटले जातात, मग काउंट वाढवणारे पत्ते ज्यांच्याकडे जास्त त्यांच्यात ओठ फाटण्याचं प्रमाणही वेगळं दिसतं का ते तपासायचं. ऐकायला झकास, पण एकच जीन दोन्हीकडे वेगवेगळी कामं करत असेल तर गणित फसतं. शिवाय ओठ जुळताना गर्भात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक मोठा प्रकार) तयारच झालेले नसतात, मग ‘बाळाच्या काउंटमुळे ओठ फाटला’ याला अर्थ काय उरतो? आईचा काउंट म्हणावं तर बाळाकडे तिचे निम्मेच जीन. माझ्या मते अशा आकड्यांवरून फार तर सामायिक जीन म्हणावं, कारण म्हणू नये.

त्यात बराचसा डेटा युरोपियन लोकांचा. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत डफी जीनमधल्या एका बदलामुळे न्यूट्रोफिल कमी असतात आणि तरी ते ठणठणीत असतात, त्यामुळे एकीकडचे निष्कर्ष सरसकट दुसरीकडे लावता येत नाहीत.

फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन कधी करायचं हे ठरवणाऱ्या ‘दहाच्या नियमात’ही हा काउंट येतो: वजन १० पौंड, हिमोग्लोबिन १०, डब्ल्यूबीसी १०,००० च्या आत, पुढे त्यात वय १० आठवडे हेही आलं. हा नियम १९६६ चा आणि त्यातला काउंट फक्त इन्फेक्शन नाही ना हे बघायला, जीनशी त्याचा संबंध नाही, आणि तान्ह्या बाळांचा काउंट मुळातच जास्त असतो म्हणून एकट्या त्या आकड्यावरून इन्फेक्शन ठरवता येत नाही.