खचलेल्या माणसाला कोणतं पुस्तक द्यावं? बायबलाधारित समुपदेशनाच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

मंडळीत कुणाच्या घरी मृत्यू झाला, कुणाचा संसार मोडकळीला आला किंवा कुणाची झोपच उडाली, की पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करतात आणि जाताना एखादं पुस्तक सुचवतात. हल्ली तर अख्खी यादीच येते. तीत जे ॲडम्स, डेव्हिड पॉवलिसन, एड वेल्च, पॉल ट्रिप ही अलीकडची अमेरिकन नावं असतात आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून सतराव्या शतकातले रिचर्ड सिब्ज आणि रिचर्ड बॅक्स्टर बसलेले असतात. सगळे बायबलालाच प्रमाण मानणारे, म्हणून एकाच यादीत. पण यातली काही पुस्तकं खचलेल्या माणसाने स्वतः वाचावीत म्हणून लिहिली गेली, तर काही त्याच्याशी बोलणाऱ्याला तयार करण्यासाठी, आणि तीही एका मोठ्या वादाच्या धामधुमीत. पहिल्या प्रकारचं पुस्तक हवं असलेल्याच्या हाती दुसऱ्या प्रकारचं पडलं, तर त्याचं ओझं हलकं होण्याऐवजी वाढतं. हा फरक कळायला थोडा इतिहास चाळावा लागतो.

सुरुवात इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंट, पाळकांपासून करावी लागते. रोमन कॅथलिक परंपरेतला पापनिवेदनाचा संस्कार त्यांनी मागे टाकला होता, पण लोकांच्या मनातली भीती काही त्याबरोबर गेली नाही. माझं तारण खरंच झालं आहे का, माझ्या मनात असे विचार का येतात, प्रार्थना करवत नाही म्हणजे देवाने मला टाकलं का, हे प्रश्न पाळकाकडे येतच राहिले. त्यांना उत्तर देणारी पुस्तकं निघाली. लंडनमधल्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत प्रवचनं करणाऱ्या सिब्जचं ‘द ब्रूज्ड रीड’ १६३० साली छापलं गेलं. त्याला आधार यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायाचा: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही. सिब्जचं म्हणणं असं, की धुरकट का होईना, वात पेटलेली आहे, याचा अर्थ तिला कुणीतरी पेटवलेली आहे. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत समाधानावर जेरमाया बरोज, खिन्नतेवर विल्यम ब्रिज आणि मोहांवर थॉमस ब्रुक्स यांची पुस्तकं आली.

ही पुस्तकं पोहोचत कशी, याची हकीकत बॅक्स्टरने आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. श्रॉपशरमधल्या खेड्यात तो पंधरा वर्षांचा असताना एका गरीब मजुराने त्याच्या वडिलांना एक फाटकं पुस्तक वाचायला दिलं. मूळ पुस्तक रॉबर्ट पार्सन्स या जेझुइटाचं, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या पाद्रीचं, त्यातला कॅथलिक भाग काढून एडमंड बनी या प्रॉटेस्टंट पाळकाने ते नव्याने काढलेलं. पुढे दाराशी एक फेरीवाला आला, त्याच्याकडून वडिलांनी सिब्जचं पुस्तक विकत घेतलं. पोराचं आयुष्य ज्या दोन पुस्तकांनी वळलं, त्यांतलं एक मजुराचं आणि दुसरं फेरीवाल्याच्या गाठोड्यातलं.

पार्सन्सचा समकालीन असलेला आणखी एक इंग्रज जेझुइट, थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात उतरला होता. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, म्हणजे सिब्जच्या पुस्तकाच्या चौदा वर्षं आधी. एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूंपाशी मागणी केली, की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या, असं त्या ग्रंथाच्या आरंभीच येतं. पुराणं कुणी बंद केली आणि कशी, हा गोव्याच्या इतिहासातला वेगळा आणि कडू विषय आहे. पण पोथी मागणारा वाचक आणि ओवीत उत्तर देणारा पाद्री मराठीत इतक्या लवकर भेटतात, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकांनाही फारसं माहीत नसतं.

परत बॅक्स्टरकडे येऊ, कारण आजच्या पुस्तकयाद्यांचा तो खरा आजोबा. किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावात तो पाळक होता. आठवड्याचे दोन दिवस तो आणि त्याचा सहकारी एकेका कुटुंबाला भेटत, धर्मशिक्षण देत, अडचणी ऐकत. आपली छोटी पुस्तकं त्याने घरोघर फुकट वाटली, आणि गरीब घरात बायबल नसेल तर तेही दिलं. गावात वैद्य नव्हता, म्हणून काही वर्षं लोकांना औषधंही त्यानेच दिली. १६६२ साली सुमारे दोन हजार प्युरिटन पाळकांना चर्च ऑफ इंग्लंड सोडावं लागलं. त्यानंतर व्यासपीठ हिरावल्या गेलेल्या बॅक्स्टरने ‘अ ख्रिश्चन डिरेक्टरी’ हा अवाढव्य ग्रंथ लिहिला. तो १६७३ मध्ये निघाला. त्यात एक प्रश्न आहे, की पैसा किंवा वेळ थोडा असेल तर माणसाने कोणती पुस्तकं घ्यावीत? उत्तरादाखल ऐपतीप्रमाणे याद्या आहेत. सर्वांत गरिबाच्या यादीत आधी बायबल, मग बायबलातला कोणता शब्द कुठे आला ते दाखवणारी शब्दसूची, एखादं भाष्य, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी, आणि शेवटी मनाला ऊब देणारी साध्या इंग्रजीतली पुस्तकं जमतील तितकी.

आज बॅक्स्टरचं नाव घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याचं उदासीनतेवरचं प्रवचन वाचलेलं नसावं, असं मला वाटतं. उतारवयात केलेल्या त्या प्रवचनाच्या नावातच ‘विश्वास आणि औषध’ असे दोन्ही शब्द आहेत. अतिखिन्न माणसाला तो एकांतात ठेवू नका म्हणतो, लांबलचक चिंतनं त्याच्या गळ्यात घालू नका म्हणतो, हाताला काम द्या आणि वैद्याकडे न्या म्हणतो. उपदेशाने भागत नाही तिथे उपदेश रेटू नये, हे प्युरिटनांच्या या मुकुटमण्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

सिब्जमुळे बॅक्स्टर, बॅक्स्टरच्या वाचनातून अठराव्या शतकातला पाळक फिलिप डॉड्रिज, डॉड्रिजच्या पुस्तकातून ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स, अशी साखळी प्रवचनांतून हमखास सांगितली जाते. ती जरा जास्तच सरळ ओढली जाते, पण तिचं शेवटचं टोक पक्कं आहे. १७८४-८५ च्या युरोपप्रवासात विल्बरफोर्सने डॉड्रिजचं पुस्तक वाचलं आणि तो बदलला. पुढे मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाट करून देणारं ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेतलं कलम मंजूर व्हावं म्हणून पार्लमेंटात लढणाऱ्यांत तोच आघाडीवर होता. त्याच वर्षी मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना सरकार परत पाठवायला निघालं होतं. ते टिकले, आणि मराठी मिशन उभं राहिलं.

एकोणिसाव्या शतकात लंडनचा प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन स्वतःच निराशेने ग्रासलेला होता. १८५६ साली त्याच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची हूल उठवली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. तो घाव त्याचा कधी भरला नाही. विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानांत पाळकांच्या खचण्यावर त्याने एक अख्खं व्याख्यान दिलं. त्या व्याख्यानांचा पहिला खंड १८७५ मध्ये आला, तेव्हा त्याची अंथरुणाला खिळलेली पत्नी सुझॅना म्हणाली, की हे पुस्तक इंग्लंडमधल्या प्रत्येक पाळकाकडे पोहोचलं पाहिजे. तिने घरखर्चातून वाचवलेल्या पैशांतून सुरुवात केली, आणि त्यातून गरीब पाळकांना पुस्तकं पाठवणारा निधी उभा राहिला. या निधीने लाखाहून अधिक पुस्तकं वाटली.

मग विसावं शतक आलं आणि मनाच्या दुखण्याची भाषाच बदलली. फ्रॉइड, नंतर कार्ल रॉजर्स. अमेरिकेत १९२५ पासून पाळकांना मनोरुग्णालयात प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली, आणि मोठ्या मंडळ्यांचे पाळक समुपदेशन मानसशास्त्राकडूनच शिकू लागले. सनातनी प्रॉटेस्टंट मंडळ्या या बाबतीत जवळजवळ गप्प होत्या. इंग्लंडमध्ये मात्र एक वेगळा माणूस होता, डॉ. मार्टिन लॉइड-जोन्स. लंडनच्या बार्ट्स रुग्णालयातली उमेदीची वैद्यकी सोडून तो पाळक झाला. १९५४ मध्ये त्याने दिलेली प्रवचनं १९६५ साली ‘स्पिरिच्युअल डिप्रेशन’ म्हणून छापली गेली. बेचाळिसाव्या स्तोत्रात कवी आपल्याच जिवाला विचारतो, ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ लॉइड-जोन्स म्हणतो, आपण दिवसभर स्वतःचं ऐकत बसतो, त्याऐवजी असं स्वतःशी बोलायला शिकावं. थकून गेलेल्या दिवसांत आपल्याला सिब्जने निववलं, असंही त्याने लिहिलं आहे. १९५७ पासून बॅनर ऑफ ट्रुथ या प्रकाशनाने प्युरिटनांची पुस्तकं पुन्हा छापायला घेतली, म्हणून ती आजच्या यादीत दिसतात.

खरी ठिणगी १९७० मध्ये पडली. फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत शिकवणाऱ्या जे ॲडम्सला समुपदेशनाचा विषय शिकवायचा होता आणि हाताशी काहीच पटण्यासारखं नव्हतं. १९६५ च्या उन्हाळ्यात तो फ्रॉइडचे टीकाकार मानसशास्त्रज्ञ हॉबर्ट मॉवरर यांच्याबरोबर इलिनॉयमधल्या मनोरुग्णालयांत काही आठवडे राहिला. मेंदूचा किंवा शरीराचा आजार नसलेल्या पुष्कळ लोकांना ‘रोगी’ ठरवून त्यांची जबाबदारी काढून घेतली जाते, असं त्याचं मत झालं. मॉवररचा धर्मविचार त्याने घेतला नाही, पण हा धागा घेतला. ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ हे त्याचं पुस्तक म्हणजे पाळकांना दिलेली हाक होती, की पवित्र शास्त्र हाती असताना हे काम तुम्ही दुसऱ्यांच्या पदरात का टाकलंत? नाव रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायातून घेतलेलं, जिथे पौल विश्वासणाऱ्यांना एकमेकांना बोध करायला समर्थ म्हणतो. १९६८ सालीच त्याच्या पुढाकाराने समुपदेशनाचं केंद्र निघालं होतं, १९७६ मध्ये समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारी संघटना आली.

वाद पेटला. मानसशास्त्रातलं चांगलं ते घ्यावं म्हणणारे ख्रिस्ती समुपदेशक, लॅरी क्रॅब आणि गॅरी कॉलिन्स यांच्यासारखे, दुसऱ्या बाजूला उभे राहिले. कॅलिफोर्नियात मंडळीकडून समुपदेशन घेणाऱ्या एका तरुणाने १९७९ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळीच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीर प्रश्न सुटला. पण अशा वेळी डॉक्टरकडे पाठवायचं की नाही, हा पाळकाच्या पोटात गोळा आणणारा प्रश्न काही निकालाने सुटत नाही.

ॲडम्सच्या पुस्तकांत पापाची दखल ठसठशीत आहे, दुःखाची पुसट. हे त्याच्याच पुढच्या पिढीने मान्य केलं. पॉवलिसनने विश्वासात येण्यापूर्वी मनोरुग्णालयात नोकरी केली होती. ॲडम्सपासून सुरू झालेल्या बायबलाधारित समुपदेशनाच्या चळवळीचा इतिहास हाच त्याच्या पीएचडीचा विषय होता. १९९२ पासून चळवळीच्या नियतकालिकाचा संपादक म्हणून त्याने सूर बदलला. माणूस पाप करतो तसा सोसतोही, हे त्याच्या आणि वेल्चच्या लिखाणात जागोजागी येतं. मेंदूचे आजार आणि मनाचे प्रश्न वेगळे कसे ओळखावेत यावर वेल्चचं १९९८ चं पुस्तक आहे. दुसऱ्याला आधार देणाऱ्याने आधी तेच वाचावं असं मी सुचवेन. ट्रिपचं २००२ चं जाड पुस्तकही आधार देणाऱ्यासाठीच आहे. शोकात असलेल्या बाईला ते कुणी भेट देऊ नये.

मराठीत या दुसऱ्या प्रकारची पुस्तकं पाळक बहुधा इंग्रजीतूनच वाचतात. पहिल्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. सतराव्या शतकातल्या जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या यात्रेकरूला हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ म्हणून १८४१ मध्येच मराठीत आणलं, आणि त्यात निराशेच्या राक्षसाच्या किल्ल्यातून वचनाच्या किल्लीने सुटणारा प्रवासी आहे. पुढे मराठी ख्रिस्ती माणसाने सांत्वन शोधलं ते पुस्तकांपेक्षा गीतांत आणि अभंगांत, आणि त्यात नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा. आणि गद्यातलंच हवं असेल, तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. नवऱ्याचा १८९५ मधला बाप्तिस्मा, पाच वर्षांची ताटातूट, मुलांचे मृत्यू, दारिद्र्य, सगळं त्यांनी हसतखेळत सांगितलं आहे. समुपदेशनाच्या कुठल्याही यादीत हे पुस्तक मला अजून दिसलेलं नाही. माझ्या यादीत ते सिब्जच्याही वर आहे.