इलेक्ट्रॉनिक शॉकअप असलेली स्पोर्ट्स कार: सस्पेन्शन बदलण्याआधी हे वाचा

गाडी थोडी खाली बसवायची आणि वळणावर कमी झुकायला हवी, अशी मागणी घेऊन बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. साध्या शॉकअपच्या गाडीत हे काम सरळ आहे. पण पोर्शेचं पीएएसएम, बीएमडब्ल्यूचं ईडीसी किंवा ऑडीचं मॅग्नेटिक राइड अशी इलेक्ट्रॉनिक शॉकअपची सिस्टीम असेल, तर शॉकअप गाडीच्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेला असतो. तो काढून तिथे साधा शॉकअप लावला, की डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागतो.

कॉम्प्युटर सेन्सरकडून चाकांची आणि बॉडीची हालचाल वाचतो आणि त्यानुसार शॉकअप कडक किंवा मऊ करतो. पीएएसएम आणि ईडीसीमध्ये हे काम विजेवर चालणारा व्हॉल्व्ह करतो. मॅग्नेटिक राइडमध्ये असा व्हॉल्व्ह नसतो. तिथे तेलातच लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, पिस्टनमधल्या कॉइलला करंट मिळाला की ते एका ओळीत येतात आणि तेल घट्ट होतं. 2002 मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल एसटीएसमध्ये हे तंत्र प्रथम आलं. असा शॉकअप गळायला लागला, तर त्यात साधं शॉकअप ऑइल भरून भागत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणालं, तरी देऊ नका.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, मूळ शॉकअप ठेवून फक्त लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, लावणं. रोजच्या वापरातल्या गाडीला आम्ही हीच सुचवतो. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली, तर तोच तोल राखायला शॉकअपची ताकद साधारण 14 टक्केच वाढावी लागते, आणि एवढं शॉकअप चांगल्या स्थितीत असतील तर बहुतेक वेळा सांभाळून घेतात. शॉकअप थकलेले असतील, तर नव्या स्प्रिंगांवर खर्च करू नका.

दुसरी वाट म्हणजे गाडीच्या मूळ वायरिंगला जोडले जाणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड. बिल्स्टाइनचं डॅम्पट्रॉनिक आणि केडब्ल्यूचं डीडीसी ही त्यातली परिचित नावं. उंची हाताने ठरवता येते आणि शॉकअप कडक-मऊ करायचं डॅशबोर्डवरचं बटणही चालू राहतं. महाग आहे, पण ट्रॅकवर जाणाऱ्यांनी याचाच विचार करावा.

तिसरी वाट, साधे कॉइलओव्हर आणि सोबत कॅन्सलेशन किट. किटमधले रेझिस्टर कॉम्प्युटरला शॉकअप जागेवर असल्याचं भासवतात, म्हणून दिवा लागत नाही. मात्र स्पोर्टचं बटण दाबल्यावर सस्पेन्शनमध्ये काहीच बदलत नाही. निव्वळ ट्रॅकची गाडी असेल तर हरकत नाही. ज्या सोयीसाठी शोरूममध्ये जादा पैसे मोजले, ती रोजच्या गाडीतून काढून टाकणं आम्हाला पटत नाही. तरी हवंच असेल तर करून देतो.

आता उंचीबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. सोसायटीच्या गेटवरचा सिमेंटचा उंचवटा हे मानक वाचून बांधलेला नसतो. म्हणून शहरात चालणारी गाडी आम्ही 20 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेत नाही. त्याहून खाली गेलात, की शॉकअपची दांडी खड्ड्यात सारखी बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते आणि कितीही हुशार कॉम्प्युटर तिथे काही करू शकत नाही.

उंची बदलली की अलाइनमेंट नव्याने करावीच लागते, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात. ज्या गाडीत उंचीचे सेन्सर आहेत, तिथे ते स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणावे लागतात. हेडलाइटचा झोतही काही गाड्यांत याच सेन्सरवर ठरतो. स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा दाखवायला आणा.

जर्मन पार्टबरोबर येणारं टीयूव्हीचं (तिथल्या वाहन तपासणी संस्थेचं) प्रमाणपत्र तिकडच्या नोंदणीसाठी असतं, आपल्या आरटीओत ते चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. त्यामुळे काम ठरवण्याआधी आरटीओत चौकशी करा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटी बाकी असेल तर डीलरलाही विचारा. काढलेले मूळ पार्ट आम्ही खोक्यात भरून परत देतो. गाडी विकताना ते लागतात, भंगारात घालू नका.