नालकुंतलाभोवतीच्या कड्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह

लांब नळीवर तांब्याची तार वेढ्याला वेढा लागून गुंडाळली की नालकुंतल तयार होते. त्यातून विद्युतधारा सोडल्यावर नळीच्या आत जवळजवळ एकसमान चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. बाहेर, मध्यभागाच्या आसपास, ते नगण्य असते. अशा नालकुंतलाभोवती तारेचे एक सैल कडे घातले, तर त्या कड्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह किती?

अभिवाह म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, हे पाठ असलेला विद्यार्थी कड्याचे क्षेत्रफळ घालून मोकळा होतो आणि तिथेच चुकतो. घ्यायचे ते नालकुंतलाच्या छेदाचे क्षेत्रफळ, कारण कडे आणि नळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत क्षेत्रच नसते. नळाच्या धारेखाली वाटी धरा की घंगाळ, पडणारे पाणी तेवढेच. वाटी धारेपेक्षाही अरुंद असेल तरच फरक पडतो. तसे कडे नालकुंतलाच्या आत बसण्याइतके लहान असेल, तर मात्र त्याचे स्वतःचे क्षेत्रफळ धरावे लागते.

समजा, नालकुंतलाची त्रिज्या २ सेंमी, दर मीटरला १,००० वेढे आणि धारा २ अँपिअर आहे. आतले क्षेत्र सुमारे २.५ मिलिटेस्ला आणि अभिवाह सुमारे ३.२ मायक्रोवेबर येतो. बाहेरचे कडे ५ सेंमी त्रिज्येचे असो वा १० सेंमी, चौकोनी असो वा वेडेवाकडे, उत्तर हेच. १० सेंमीच्या कड्याचे क्षेत्रफळ चुकून धरले, तर ते २५ पट फुगते. कडे तिरपे केले तरी फरक नाही: तिरपेपणामुळे क्षेत्राचा लंब घटक जितका घटतो, तितकाच नळीचा त्या प्रतलातला छेद वाढतो.

प्रत्यक्षातले नालकुंतल अनंत लांबीचे नसते. एका टोकातून निघालेल्या बलरेषा बाहेरून वळसा घालून दुसऱ्या टोकात शिरतात. कडे फार मोठे केले, तर या परतणाऱ्या रेषाही त्यात सापडतात आणि त्या उलट दिशेच्या असल्याने एकूण अभिवाह कमी होतो. म्हणजे कडे वाढवल्याने अभिवाह वाढत तर नाहीच, उलट घटतो.

धारा, आणि म्हणून अभिवाह, स्थिर असेपर्यंत कड्यात काहीच घडत नाही. कड्याला गॅल्व्हानोमीटर (अगदी लहान धाराही काट्याने दाखवणारे उपकरण) जोडून नालकुंतलाची कळ दाबली की काटा एका बाजूला उडी मारून शून्यावर परततो; कळ सोडताच उलट बाजूला उडतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लंडनमध्ये लोखंडी कड्यावर दोन कुंतले (तारेची वेटोळी) गुंडाळून हाच क्षणिक झटका पाहिला होता. वरच्या उदाहरणात धारा ०.०१ सेकंदात एकसारख्या दराने शून्यावर आणली, तर एका वेढ्यात सुमारे ०.३२ मिलिव्होल्ट विद्युत चालक प्रेरणा (धारा वाहायला लावणारा, व्होल्टमध्ये मोजला जाणारा रेटा) निर्माण होते. कड्याला १०० वेढे दिले, तर १०० पट.

खरी गंमत पुढे आहे. कड्याची तार जिथे आहे तिथे चुंबकीय क्षेत्र जवळपास नाही. मग तारेतल्या इलेक्ट्रॉनांना ढकलते कोण? बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती वर्तुळाकार विद्युत क्षेत्र निर्माण होते आणि ते नालकुंतलाच्या बाहेरही पसरलेले असते. अंतराच्या प्रमाणात ते क्षीण होत जाते, पण परीघ त्याच प्रमाणात वाढत असल्याने पूर्ण फेरीची बेरीज तीच राहते. हे क्षेत्र स्थिर विद्युत प्रभारांच्या क्षेत्रासारखे नसते. कड्यात १०० आणि ९०० ओहमचे दोन रोध समोरासमोर बसवले आणि त्यांच्यामधल्या त्याच दोन बिंदूंना नालकुंतलाच्या दोन बाजूंनी दोन व्होल्टमीटर जोडले, तर त्यांची वाचने वेगवेगळी येतात. फेरीतली प्रेरणा १ व्होल्ट असेल, तर एक ०.१ व्होल्ट दाखवतो, दुसरा ०.९, आणि तेही विरुद्ध चिन्हाचे. मीटर बिघडलेला नसतो. अशा ठिकाणी दोन बिंदूंमधले विभवांतर वाटेवर अवलंबून असते.

वायरमनचा टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता तिच्यातली धारा मोजणारे उपकरण, याच नात्याची उलटी बाजू वापरतो: इथे वेढले जाते ते चुंबकीय क्षेत्र नव्हे, तर धारा. त्यात लोखंडी जबड्यावर कुंतल असते आणि वायर जबड्याच्या मधून जाते. वायर नेमकी मध्यावर आहे की कडेला टेकली आहे, याने वाचनात फारसा फरक पडत नाही; ती जबड्याने वेढली गेलेली असली की पुरे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले, तर काटा शून्यावरच राहतो, कारण दोघींचा परिणाम एकमेकींना खोडून काढतो.