जाळी काढली की पिकअप वाढतो?

आमच्या लातूर भागात हे वर्षानुवर्षं ऐकतोय: सायलेन्सरची जाळी (आवाज दाबणारा आतला भाग) काढा, गाडी पळायला लागते. घरी गाडी बांधताना मीही काढली. भंगारातलं कार्बोरेटरचं १०० सीसी इंजिन, स्वतः वेल्डिंग केलेली चेसिस. सोयाबीन निघालेल्या रानात चाचणी घेतली. आवाज असा की बांधावरची बैलं बुजली! पण जो चढ आधी तिसऱ्या गिअरवर निघायचा, तिथं दुसरा टाकावा लागला.

स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो) काढून पाहिला तर टोक पांढरंफटक. फिकट तपकिरी असतं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर, काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतंय. धुराची वाट मोकळी केली, पण जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र, कंपनीचाच ठेवला. दुसरं काय होणार? वेग वाढल्याचा भास कानाला होतो, चाकाला नाही. जाळी परत बसवली, चढ पुन्हा तिसऱ्यावर.

अन् ‘आपली गाडी, आपली मर्जी’ हेही खरं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे मनाचे बदल चालू देत नाही; दंड प्रत्येक बदलामागे ५००० रुपये. म्हणून माझी गाडी अजून रानातच फिरते.