धक्का बसतो कधी, ते आधी बघा

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मामा फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान भरून येत होता आणि फर्मागुडीच्या चढावर गाडीने दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरात जाताना असा धक्का दिला की सीटवरचे नारळ घरंगळत खाली. गाडी 2009 ची, चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, गिअरबॉक्सचा एरर कोड बघितला आणि सांगून टाकलं की बॉक्स गेला, खोलावा लागेल, 80 हजार धरून चाला. मामाचा चेहरा उतरला. मी म्हटलं मामा, दोन दिवस थांब, आधी मला चालवून बघू दे.

आता धक्का का बसतो ते समजायला आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल. ऑटोमॅटिक म्हणजे इथे मी टॉर्क कन्व्हर्टरवाली म्हणतोय, म्हणजे जिच्यात इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचते, हल्लीच्या स्वस्त एएमटी गाड्या वेगळ्या, त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचं काम मशीन करतं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये पातळ क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात, तेलाच्या प्रेशरने एक गठ्ठा सुटतो आणि दुसरा आवळला जातो, की गिअर बदलला. आवळणं हळू झालं तर प्लेटा घसरतात, तापतात, जळतात, आणि एकदम झालं तर धक्का. म्हणजे सगळा खेळ प्रेशरचा, आणि ते प्रेशर कमीजास्त करतो एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे कॉइल असलेला इलेक्ट्रिक व्हॉल्व.

आणि इथेच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. बऱ्याच गाड्यांत हा सोलेनॉइड असा बनवलेला असतो की करंट दिला की प्रेशर कमी होतं, आणि करंट बंद पडला की प्रेशर फुल्ल. उलटं वाटतं ना? पण विचार करा, वायर तुटली आणि प्रेशरच गेलं तर प्लेटा घसरून काही किलोमीटरमध्ये राख होतील, त्यापेक्षा फुल्ल प्रेशरने घट्ट धरून ठेवलेलं बरं, माणसाला धक्के बसतील पण बॉक्स वाचेल आणि तो घरी पोचेल. म्हणजे प्रत्येक गिअरला सारखाच जोरदार धक्का बसत असेल तर पुष्कळदा तो बॉक्स मेल्याचा नाही, बॉक्स स्वतःला वाचवतोय त्याचा असतो.

म्हणून धक्का कधी बसतो हे लिहून ठेवायचं, गार असताना की गरम झाल्यावर, एकाच गिअरला की सगळ्या. एकाच गिअरला असेल तर संशय त्या गिअरच्या क्लचवर किंवा व्हॉल्ववर. फक्त न्यूट्रलमधून डी मध्ये टाकताना धाडकन आवाज येत असेल तर आधी इंजिनचा आयडल, म्हणजे पाय न देता इंजिन किती फिरतं ते बघा, मिनिटाला 700-800 फेऱ्यांच्या जागी 1200 असतील तर धक्का बसणारच, आणि मग माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, त्याचं रबर फाटलं की अख्खं इंजिन उसळतं. थ्रॉटलचा सेन्सर चुकीचा आकडा सांगत असेल तर कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही जोरात पाय दिलाय आणि तो उगाच प्रेशर वाढवतो. बॅटरी नुकतीच काढली असेल तर काही दिवस कळ काढा, कॉम्प्युटर शिकलेलं विसरलेला असतो.

तेल मात्र सगळ्यात आधी. बहुतेक गाड्यांत ते इंजिन गरम आणि चालू असताना बघतात पण काहींत बंद करून, गाडीचं पुस्तक काय सांगतं तेच खरं. लालसर असेल तर ठीक, काळपट आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटा जळतायत, आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालवूच नका, आत पाणी किंवा कूलंट गेलंय. हे तेल नुसतं वंगण नाही, प्लेटांनी किती घसरून किती धरायचं ते त्याच्या रसायनावर ठरतं, अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळायचे (मासा म्हणतात, पण तो सस्तन प्राणी, आणि त्याचा जीव त्यात जात होता हे वाचून मला खरंच वाईट वाटलं). चोर्ल्याचा घाट चढताना तेल खूप तापतं, आणि ढोबळमानाने दर 10 अंशांमागे ते खराब होण्याचा वेग दुप्पट होतो.

मामाच्या गाडीचं तेल तपकिरी होतं पण करपलेलं नव्हतं. सकाळी गाडी लोण्यासारखी चालायची, वीसेक मिनिटांनी गरम झाली की सगळ्या गिअरना धक्के. कोड होता प्रेशर सोलेनॉइडच्या सर्किटचा, आणि सर्किट म्हणजे नुसता सोलेनॉइड नव्हे, त्यात वायर आली, अर्थिंग आलं, कनेक्टर आला. गिअरबॉक्सच्या बाजूचा कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवा थर, आपल्याकडची खारी हवा आणि पावसाचं उडणारं पाणी. अशा कॉइलचा रेझिस्टन्स 4 ओमच्या आसपास असतो, त्यात गंजाचा 1 ओम जरी आडवा आला तरी साध्या गणिताने करंट 20 टक्के कमी, आणि करंट कमी म्हणजे प्रेशर जास्त. गरम झाल्यावर तर कॉइलचं तांबंही करंटला जास्त अडवतं.

बॅटरी काढून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, फाटलेलं रबरी सील बदललं, कोड पुसला. मामा फर्मागुडी दोनदा चढून आला, धक्का नाही. आता तेल बदलायचंय, आणि तेही एकदम नाही, खालचा नट उघडला की निम्म्याहून कमीच तेल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं, म्हणून थोडी थोडी चालवून तीनदा बदलणार. पहिली खेप अनंत चतुर्दशीनंतर.