मिड-ड्राइव्ह ई-सायकल : चेन-स्प्रॉकेटची झीज आणि गिअरची निवड

मोटार चाकात न बसवता दोन पायडलांच्या मधोमध, क्रँकच्या धुऱ्यापाशी बसवलेल्या विद्युत सायकलीला मिड-ड्राइव्ह ई-सायकल म्हणतात. पायांचा जोर आणि मोटारीचा जोर पुढच्या दातेरी चकतीवर एकत्र येतात आणि एकाच चेनवाटे मागच्या चाकाला मिळतात. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, मोटार असलेली सायकल वेगळी असते. तिथे मोटार चाकालाच फिरवते, त्यामुळे चेनवर फक्त पायांचा भार येतो. मिड-ड्राइव्हमध्ये मोटारीलाही गिअरांचा लाभ होतो, म्हणून चढावर ती सहसा हबमोटारीपेक्षा सरस ठरते. त्या बदल्यात चेन, कॅसेट (मागच्या चाकावरचा स्प्रॉकेटांचा, म्हणजे दातेरी चकत्यांचा, संच) आणि पुढची चकती लवकर झिजतात. किती लवकर, हे मोटारीच्या ताकदीइतकेच स्वाराच्या गिअर टाकण्याच्या सवयीवर अवलंबून असते.

पायडलच्या जोराच्या प्रमाणात मोटारीने साथ देण्याची पद्धत यामाहाने १९९३ साली जपानमध्ये ‘पास’ या सायकलीद्वारे बाजारात आणली. युरोपात अशा सायकलींच्या मोटारीला २५० वॉट अखंड शक्तीची मर्यादा आहे आणि ताशी २५ किमी वेगाला तिची साथ थांबते. भारतातही साधारण याच मर्यादेच्या आतील ई-सायकलीला वाहन म्हणून नोंदणी लागत नाही. मात्र झिजेचा अंदाज वॉटवरून येत नाही, त्यासाठी पीळ (टॉर्क), म्हणजे फिरवण्याचा जोर, बघावा लागतो. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स आणि शिमानोच्या ईपी८ या मोटारींचा कमाल पीळ सहसा ८५ न्यूटन-मीटर असतो. साध्या सायकलीवर बसवायच्या बाफांगच्या बीबीएसएचडी या १००० वॉटच्या संचाचा पीळ १६० न्यूटन-मीटरपर्यंत जातो.

पुढची चकती ३८ दात्यांची असेल तर ८५ न्यूटन-मीटरमुळे चेनवर सुमारे ११०० न्यूटन, म्हणजे ११३ किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. आकडा मोठा वाटतो, पण ७० किलोचा माणूस आडव्या पायडलवर उभा राहिला तर तो एकटाच ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देतो. एवढा ताण चेनला नवा नाही. मात्र माणूस असा जोर क्षणभरच लावतो आणि दमला की बसतो. मोटार दमत नाही, आणि तिचा जोर पायांच्या जोराची जागा घेत नाही, त्यात भर घालतो.

झीज नेमकी कुठे होते याबद्दल सायकलवाल्यांतही गैरसमज आढळतो. ‘चेन ताणली’ असे सर्रास म्हटले जाते, पण पोलादी पट्ट्या लांब होत नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचा आतल्या पट्टीचा काठ एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि शंभराहून अधिक सांध्यांच्या फटी मिळून चेन लांबते. नव्या चेनमध्ये दोन पिनांतले अंतर १२.७ मिमी असते. ते वाढले की कडी दात्याच्या बुडाशी न बसता वर चढते आणि भार सगळ्या दात्यांत वाटला न जाता एकदोन दात्यांवर येतो. मग दाते एका बाजूने खरवडले जाऊन आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर जोर लावताच ती दात्यांवरून सटकते, आणि सहसा सगळ्यात आधी स्वाराच्या आवडत्या गिअरमध्येच.

गिअरच्या निवडीचा परिणाम हिशेबाने दाखवता येतो. सायकल ताशी २० किमी वेगाने चालली आहे, चाकाचा परीघ २.२ मीटर आहे, पुढची चकती ३८ दात्यांचीच आहे, स्वाराचे १५० आणि मोटारीचे २५० मिळून ४०० वॉट चेनमधून जात आहेत, असे धरू. मागे ११ दात्यांचे स्प्रॉकेट असेल तर पायडल मिनिटाला ४४ फेरे घेतात आणि चेनवर सुमारे ११३० न्यूटन ताण येतो. त्याच वेगाला, तेवढ्याच शक्तीला, मागे २२ दात्यांचे स्प्रॉकेट घेतले की फेरे ८८ होतात आणि ताण ५६५ न्यूटनवर येतो. चेन दुप्पट वेगाने धावत असल्याने ताण निम्मा पुरतो. यावर एक आक्षेप घेतला जातो : चेन जास्त धावली तर कड्याही जास्त वेळा वळणार, मग वाचले काय? ११ दात्यांवर प्रत्येक कडी जवळजवळ ३३ अंशांत वळते, २२ दात्यांवर त्याच्या निम्मी. म्हणजे मागच्या स्प्रॉकेटवर एका किलोमीटरमागे सांध्यांचे एकूण घासणे तेवढेच राहते, पण ते निम्म्या ताणाखाली होते.

म्हणूनच मिड-ड्राइव्ह चालवणाऱ्याला हलक्या गिअरमध्ये भराभर पायडल मारायला सांगतात. मिनिटाला ७० ते ९० फेरे हे सोयीचे माप मानले जाते. साध्या सायकलीवर हे कुणाला शिकवावे लागत नाही. जड गिअरमध्ये चढ लागला की मांड्या भरून येतात आणि हात आपोआप गिअरकडे जातो. मिड-ड्राइव्हमध्ये हीच सूचना मिळत नाही. मोटार उणीव भरून काढते, सायकल कुरकुर न करता वर चढते, आणि स्वार ११ दात्यांवरच राहतो. शहरात तर सपाट रस्त्यावर टाकलेला जड गिअर सिग्नलला तसाच राहतो, दिवा हिरवा झाला की त्याच गिअरमध्ये सायकल उभ्या जागेवरून ओढली जाते, आणि नेमक्या त्या क्षणी मोटार भरपूर पीळ देत असते. डोंगरात हिंडणाऱ्याने चेन झिजवली तर ते समजण्यासारखे आहे, पण रोज कचेरीला जाणाऱ्याचेही सर्वात छोटे स्प्रॉकेट आधी निकामी होते ते यामुळे. जड गिअर मोटारीलाही मानवत नाही. फेरे कमी पडले की तिची कार्यक्षमता घटते, ती तापते, बॅटरी लवकर उतरते. ज्या संचांच्या आत नायलॉनचे दातेरी चक्र असते तिथे सततची अशी ओढ त्या चक्रालाही मारते.

गिअर बदलतानाचा क्षण वेगळाच धोकादायक असतो. चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर जाताना काही काळ मोजक्याच दात्यांना धरून तिरकी असते. त्या वेळी मोटारीचा पूर्ण जोर आला तर ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि कधी पट्टी वाकते, कधी पिन सुटते. सरावलेले स्वार बटण दाबताना पाय अर्धा फेरा सैल सोडतात. पीळ मोजणारी मोटार त्याबरोबर सैल होते. फक्त पायडलचे फिरणे ओळखणाऱ्या स्वस्त संचांना हे कळत नाही, म्हणून त्यांच्या गिअरच्या केबलवर एक संवेदक बसवतात. केबल हलली की तो मोटारीची वीज क्षणभर तोडतो. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकणे हा याहून साधा उपाय.

कंपन्यांनी यावर जे केले ते सगळेच यशस्वी झाले असे नाही. बॉशच्या २०१४ च्या पिढीतील मोटारींना पंधरा-वीस दात्यांची चिमुकली चकती होती आणि ती पायडलच्या एका फेऱ्यात अडीच फेरे घेई. चेनवरचा ताण त्याने वाढत नव्हता, पण तोच भार थोड्या दात्यांवर येई आणि पुढेही कड्यांना तीव्र वळण घ्यावे लागे. २०१९ मध्ये आलेल्या सीएक्स मोटारीत बॉश नेहमीच्या आकाराच्या चकतीकडे परतली. स्रॅमने २०१६ साली ईएक्स१ हा आठच गिअरांचा, ११ ते ४८ दात्यांचा संच काढला. त्यात एका दाबाला एकच गिअर बदलतो, म्हणजे ताणाखाली चेनने तीन-चार स्प्रॉकेट ओलांडण्याचा प्रश्न उरत नाही. शिमानोच्या २०२१ च्या लिंकग्लाइड या गिअरसंचात दाते जाड आहेत आणि कंपनीच्याच जुन्या हायपरग्लाइड संचापेक्षा तो तिप्पट टिकतो असा कंपनीचा दावा आहे. रोजच्या वापराच्या ई-सायकलीला बारा गिअरांची बारीक चेन देण्यामागे मात्र विक्रीखेरीज फारसे कारण दिसत नाही.

मोटार मागाहून बसवलेल्या सायकलींत आणखी एक अडचण येते. मोटारीच्या रुंदीमुळे पुढची चकती बाहेर सरकते आणि मागच्या सर्वात मोठ्या स्प्रॉकेटवर चेन तिरपी जाते. म्हणजे चढाला जो गिअर हवा, त्यातच दाते कडेने घासतात. शिवाय अनेक कॅसेटमधील सर्वात मोठे स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचे असते आणि पोलादाच्या मानाने लवकर झिजते. ज्या फ्रीहबवर कॅसेट चढते तोही ॲल्युमिनियमचा असल्यास सुटी स्प्रॉकेट त्यात रुतून खाचा पाडतात. मिड-ड्राइव्हसाठी पोलादी फ्रीहब घेणे हिताचे.

चेन कधी बदलायची हे किलोमीटरवर ठरवण्यात अर्थ नाही. वजन, चढ, धूळ आणि सवय यांनुसार एकाच चेनचे आयुष्य अनेक पटींनी बदलते. चेन मोजावी. त्यासाठी स्वस्त मापक मिळतो, नसेल तर पोलादी पट्टी चालते : नव्या चेनमध्ये एका पिनेपासून चोविसाव्या अंतरावरची पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर येते. दीड मिलिमीटर वाढले तर चेन अर्ध्या टक्क्याने लांबली. ११ आणि १२ गिअरांच्या चेनला ही मर्यादा मानतात, १० पर्यंतच्या गिअरांना पाऊण टक्का चालतो. या मापाला चेन बदलली तर कॅसेट सहसा पुढच्या चेनांनाही पुरते. माप चुकवले तर चेनबरोबर कॅसेट आणि चकती असा तिहेरी खर्च येतो. मालवाहू ई-सायकली चालवणारे काही जण दोन-तीन चेना आलटून पालटून वापरतात, म्हणजे चेना आणि कॅसेट बरोबरीने झिजतात.

वंगण सांध्याच्या आत पोहोचले तरच उपयोगी; बाहेरून थापलेले तेल धूळ धरते आणि सांध्यांत कुरुंदाचे काम करते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत किंवा घाटातल्या पावसात एका फेरीनंतरच चेन पुसून पुन्हा वंगण द्यावे लागते.

डिरेलर, म्हणजे चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणाच, टाळायचा असेल तर हबच्या आत गिअर असलेल्या रचना आहेत. जर्मनीच्या रोलॉफ हबमध्ये १४ गिअर बंदिस्त तेलात फिरतात. चेन सरळ रेषेत राहते आणि जाड घेता येते, किंवा तिच्या जागी दातेरी पट्टाही लावता येतो. पट्ट्याला वंगण लागत नाही, मात्र तो तोडून जोडता येत नसल्याने फ्रेमला उघडणारा सांधा असावा लागतो. पिनियन या जर्मन कंपनीने २०२३ मध्ये मोटार आणि गिअरपेटी एकाच खोक्यात बसवली. पायडल न मारताही गिअर बदलता यावा म्हणून शिमानोच्या ईपी८०१ मोटारीत, सायकल घरंगळत असताना, मोटारच पुढची चकती फिरवते. बदल बिनताणाचा होतो आणि पाय लावताना चेन योग्य स्प्रॉकेटवर पोहोचलेली असते.