अपडेट सर्व्हर काढल्यावर मागे उरणारा पसारा

विंडोज सर्व्हरवरून अपडेट वाटपाचा रोल (सर्व्हरवर बसवलेली सेवा), म्हणजे विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस किंवा डब्ल्यूएसयूएस, आज पॉवरशेल या विंडोजच्या कमांड चालवण्याच्या साधनात एका ओळीत काढता येतो. 'अनइन्स्टॉल-विंडोजफीचर' ही कमांड, तिच्यापुढे 'अपडेटसर्व्हिसेस' हे रोलचे नाव आणि व्यवस्थापनाची साधनेही जावीत म्हणून जोडलेला एक स्विच, एवढे टाइप केले की काम सुरू होते. मात्र सर्व्हर रीस्टार्ट होऊन परत येतो तेव्हा डेटाबेसच्या फायली आणि वर्षानुवर्षे साठलेली अपडेट्स जागच्या जागीच असतात. असे का होते, हे या सेवेच्या जडणघडणीत शोधावे लागते.

2001 च्या जुलैमध्ये कोड रेड आणि सप्टेंबरमध्ये निमडा या वर्मनी, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामांनी, जगभरातले विंडोज सर्व्हर ग्रासले. कोड रेडने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची अपडेट, महिनाभर आधीच उपलब्ध होता; तो असंख्य सर्व्हरांवर बसवलाच गेला नव्हता. जानेवारी 2002 मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षेला अग्रक्रम देणारे पत्र कर्मचाऱ्यांना पाठवले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअर अपडेट सर्व्हिसेस, म्हणजे एसयूएस, बाजारात आणली. प्रत्येक संगणकाने तोच पॅच इंटरनेटवरून वेगवेगळा उतरवून घेण्याऐवजी एका सर्व्हरने तो एकदाच आणावा, प्रशासकाने मंजूर करावा आणि मग कार्यालयातल्या जाळ्यातून वाटावा, ही कल्पना साधी आणि फार मोलाची होती. कोणत्या संगणकाला काय मिळाले याचा नीट अहवाल मात्र एसयूएस देत नसे. ऑगस्ट 2003 मधल्या ब्लास्टर वर्मच्या वेळीही पॅच महिनाभर आधीचाच होता. त्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याचा शिरस्ता पडला. अमेरिकेतली ती सकाळ म्हणजे आपल्याकडची मंगळवारची उशिराची रात्र, म्हणून इथल्या प्रशासकांचे काम खऱ्या अर्थाने बुधवारी सुरू होते.

2005 मध्ये एसयूएसच्या जागी डब्ल्यूएसयूएस आले आणि संगणकवार नोंदी ठेवण्यासाठी त्याच्या पोटात डेटाबेस आला. त्या डेटाबेसचे नाव 'एसयूएसडीबी' आजही तेच आहे. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत डब्ल्यूएसयूएस हे सर्व्हरवर वेगळे बसवायचे पॅकेज होते आणि ते काढण्याची रीतही तशीच होती: डेटाबेस, लॉग आणि उतरवलेली अपडेट्स यांपैकी काय काय पुसायचे, हे काढणारा विझार्ड प्रशासकाला विचारत असे. कमांडने काढणाऱ्यांसाठी सेटअपला या तिन्हींचे वेगळे पर्याय होते. माझ्या मते ती रीत अधिक प्रामाणिक होती, कारण काय राहील आणि काय जाईल हे काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे.

दरम्यान कमांडलाइनचा ओघ दुसऱ्या दिशेने वाढत होता. मायक्रोसॉफ्टचे अभियंते जेफ्री स्नोव्हर यांनी 2002 मध्ये मांडलेल्या विचारातून 2006 मध्ये पॉवरशेल साकारले, 2008 च्या सर्व्हर कोअरने खिडक्यांविना सर्व्हर चालवण्याची सवय लावली, आणि 2008 आर2 मध्ये रोल जोडण्या-काढण्याच्या पॉवरशेल कमांड आल्या. विंडोज सर्व्हर 2012 मध्ये डब्ल्यूएसयूएस पूर्णपणे सर्व्हरचा अंगभूत रोल झाले. त्याच वेळी बसवण्याच्या दोन पायऱ्या झाल्या: आधी रोल बसवायचा, मग 'डब्ल्यूएसयूएसयूटिल' या डब्ल्यूएसयूएसच्या साधनाची 'पोस्टइन्स्टॉल' कमांड चालवून डेटाबेस आणि फायलींचे फोल्डर तयार करायचे. रोल काढणारी कमांड यातली पहिलीच पायरी मागे घेते. दुसरी मागे घेणारी तशी जोडकमांड दिली गेली नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कमांड संपल्यावर पडद्यावर चार रकान्यांची एक ओळ उमटते. 'सक्सेस'खाली 'ट्रू', 'रीस्टार्ट नीडेड'खाली 'येस', पुढे एक्झिट कोड आणि काढलेल्या भागांची नावे. सारे निर्विघ्न पार पडल्याची ती ग्वाही असते. पण विंडोज फोल्डरमधल्या 'डब्ल्यूआयडी' आणि त्यातल्या 'डेटा'मध्ये पाहिले, तर 'एसयूएसडीबी'ची फाइल आणि तिचा लॉग तसेच असतात, आणि 'डब्ल्यूएसयूएसकंटेंट' फोल्डर डिस्क अडवून बसलेले असते. रोल पुन्हा बसवताना पोस्टइन्स्टॉल अडखळते ते बऱ्याचदा या जुन्या डेटाबेसमुळे. हा डेटाबेस ज्यावर चालतो ते विंडोज इंटर्नल डेटाबेस (डब्ल्यूआयडी) हे फीचरही वेगळे काढावे लागते. मात्र एडीएफएस (लॉगिनची सेवा) किंवा रिमोट डेस्कटॉपचा कनेक्शन ब्रोकर (दुरून जोडणाऱ्यांना योग्य सर्व्हरकडे नेणारी सेवा) त्याच सर्व्हरवर असेल, तर तेही त्यावर विसंबून असू शकतात, हे आधी तपासलेच पाहिजे.

सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसयूएसमध्ये नव्या सुविधांची भर घालणे थांबवल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2025 मध्ये, लॉगिनविना दुरून कोड चालवू देणारी एक गंभीर त्रुटी त्यात उघड झाली. महिन्याच्या नेहमीच्या पॅचने ती पुरती बुजली नाही, म्हणून 23 ऑक्टोबरला तातडीचा वेगळा पॅच द्यावा लागला. तो लगेच बसवणे शक्य नसेल, तर रोल बंद करावा किंवा डब्ल्यूएसयूएस वापरत असलेली 8530 आणि 8531 ही पोर्ट अडवावीत, असा सल्ला कंपनीने दिला. पण ग्रुप पॉलिसीने (जाळ्यातल्या संगणकांना एकत्र सेटिंग देणाऱ्या व्यवस्थेने) ज्या संगणकांना या सर्व्हरचा पत्ता दिलेला असतो, ते रोल गेल्यावरही अपडेटसाठी त्याच पत्त्यावर जात राहतात आणि रिकाम्या हाताने परततात. त्यामुळे रोल कायमचा काढायचा असेल, तर आधी पॉलिसीतला पत्ता बदलावा, संगणक नव्या ठिकाणाहून अपडेट घेत असल्याची खात्री करावी आणि मगच पॉवरशेलची ती ओळ चालवावी.